अंगणातला पांढरा गोल

सकाळी सडा मारला की नल्लकुंट्यातल्या त्या घराचं अंगण पाचेक मिनिटं लाल दिसायचं. मग ऊन चढायचं, पाणी उडून जायचं आणि फरशी पुन्हा राखेच्या रंगाची व्हायची. त्रिवेणी हे कित्येक वर्षं बघत आली होती. ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. नोव्हेंबरातल्या एका सकाळी रिकामी बादली हातात घेऊन ती अंगणात उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, ओलं झाल्यावर रंग दिसतोय म्हणजे तो गेलेला नाही. सिमेंटच्या वरच्या थराची पूड झाली आहे, एवढंच. तिच्याखाली लाल आहे तसाच आहे.

घरात तेव्हा त्या अंगणाचीच चर्चा चालू होती. तिच्या एकुलत्या एक मुलीचा, ऋचाचा साखरपुडा डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी ठरला होता आणि तो घरीच व्हावा असा ऋचाच्या आजोबांचा हट्ट होता. एकनाथराव ब्याऐंशी वर्षांचे होते. वीज खात्यातून निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, तरी आवाज अजून साहेबाचाच होता.

"हॉल-बिल नक्को," ते म्हणाले. "साठ माणसं आरामात बसतात आपल्या अंगणात."

त्रिवेणीचा नवरा विकास वडिलांना म्हणाला, "मग फरशी बघा आण्णा, कशी दिसते. हिच्यावरच नवीन टाइल्स ठोकून घेऊ. चार दिवसांचं काम."

"ठोकायचं काही नाही," त्रिवेणी म्हणाली. "ह्याच फरशीचा रंग परत आणते मी. वरून सीलरचा थर देऊन."

"तू?"

"मी. त्यात काय एवढं? रोलर तर फिरवायचा."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती कोठीच्या बाजारात गेली. रंगांच्या दुकानांच्या ओळीत मोईनभाई म्हणून एकाचं जुनं दुकान होतं. त्यांनी तिने नेलेला फरशीचा टवका हातात घेतला, थुंकी लावून बघितला आणि मान डोलावली.

"रंग गया नहीं मैडम. उप्पर का सिमिट घिस को सफेद हो गया, बस. ये मारे तो पानी मारे सरीखा दिखता, और वैसाइच रैता." त्यांनी तांबूस रंग मिसळलेल्या सीलरचे दोन डबे आणि वरून मारायला बिनरंगी एक डबा काउंटरवर ठेवला. "लेकिन एक बात. फरशी पूरी सूखी होना. गीले पो मारे तो दूध हो जाता. सफेद."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

शनिवार-रविवार सफाईत गेला. पाण्यात ॲसिड मिसळून ब्रशने घासायचं, क्षारांचे पांढरे डाग काढायचे, मग पाइपाने भरपूर पाणी. त्याआधी अंगणातल्या कुंड्या, स्कूटर, सगळं हलवावं लागलं. फक्त एका वस्तूवरून कुरकुर झाली. अंगणाच्या मध्यभागाच्या थोडं डावीकडे तारामतीबाईंची बाज असायची. तारामतीबाई म्हणजे त्रिवेणीच्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. त्रिवेणी त्यांना आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. तिच्या माहेरी, उदगीरकडे, असंच म्हणतात. जेवण झालं की आत्या त्या बाजेवर येऊन बसत. भाजी तिथंच निवडत, डाळ तिथंच पाखडत, कोणी भेटायला आलं तरी तिथूनच बोलत.

"आत्या, बाज आठ दिवस व्हरांड्यात ठेवते."

"कशाला? तिच्या भोवतीनं मार की."

"मधेच राखाडी राहील ना."

"राहू दे. बाजेखाली कोण वाकून बघतंय?"

"अहो, साखरपुड्याला बाज थोडीच ठेवणार आहोत तिथं! खुर्च्या मांडायच्यात."

विकासने आणि तिने बाज उचलून नेली. आत्या नंतरही दोनदा म्हणाल्या, की खुर्च्या भिंतीच्या कडेने मांडा, मधे मोकळं ठेवा. म्हातारं माणूस जागेला चिकटतं, असं समजून त्रिवेणीने ते सोडून दिलं.

दोन दिवस फरशी वाळू दिली. डिसेंबरचं कोरडं ऊन होतं. बुधवारी तिने रजा टाकली, केस बांधले आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यातून सुरुवात केली.

रोलरचा पहिला पट्टा पडला आणि ती थबकलीच. राखेतून लाल वर आला. गेरूसारखा, दाट. काठाच्या ओळीतल्या पिवळ्या फरशा बिनरंगी सीलरने हळदीच्या झाल्या. आपण काहीतरी नवीन लावतोय असं वाटतच नव्हतं. एकनाथराव व्हरांड्यातल्या खुर्चीतून पुढे वाकले.

"अरे! हा तर अठ्ठ्याण्णव सालचा रंग. टाकला तेव्हा अस्साच होता."

संध्याकाळी ऋचा ऑफिसातून आली आणि फाटकातच थांबली. "ममा, सीरियसली? हे तू केलंस? मी तर हे कधी असं पाहिलंच नाही."

त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त आनंद त्रिवेणीला झाला होता.

गुरुवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन बाहेर आली, तर अंगणात एक पांढरा डाग पडला होता.

साधा डाग नव्हता तो. भाताची पेज सांडून वाळावी तसा दुधाळ आणि गोल. माणूस आडवं झोपेल एवढा. बाकी अंगण लालचुटुक, आणि बाज असायची नेमक्या त्या जागी हा गोल. कडा इतकी स्वच्छ होती की कंपासने आखल्यासारखी वाटावी.

"आत्या, बघा काय झालं!"

आत्या दारापर्यंत आल्या. त्यांनी बघितलं, पदर तोंडाशी नेला आणि आत गेल्या.

त्रिवेणीने मोईनभाईंना फोटो पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"नीचे से पानी आरा मैडम. पहले फरशी साँस लेती थी, पानी हवा में निकल जाता था. अब आप उप्पर से ढक्कन लगा दिये, तो अंदर अटक गया."

"पण एवढ्याच जागी? बाकी सगळं कोरडं आहे."

"उतनी जगे पो नीचे कुछ तो है."

तिने थिनरने तेवढा भाग पुसून काढला. मग खात्री करून घ्यायला जाड प्लास्टिकचे चार चौकोनी तुकडे कापले आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून फरशीवर चिकटवले. तीन इकडेतिकडे आणि एक त्या गोलात. शुक्रवारी सकाळी तिने ते सोडवले. तीन तुकडे खणखणीत कोरडे होते. चौथ्याच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब होते, उकळत्या पातेल्यावरच्या झाकणाला असतात तसे. प्लास्टिक उचललं तर ते ओघळून तिच्या मनगटावर आले. थंडगार पाणी.

ती तिथेच बसून राहिली आणि मग तिला आठवलं. इथे विहीर होती.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिने ती पाहिली होती. कमरेएवढा दगडी कठडा होता, वर लोखंडी आडवी दांडी आणि रहाट. तिचे दिवस भरत आले तेव्हा ती बाळंतपणाला उदगीरला गेली. तिथे सासऱ्यांचं पत्र आलं होतं, की बाळ रांगायला लागायच्या आत विहीर बुजवून घेतो आहे, वर पक्की फरशी करतो आहे, काळजी नसावी. सव्वा महिन्याच्या ऋचाला घेऊन ती परत आली तेव्हा कठडा नव्हता, रहाट नव्हता. लाल-पिवळं अंगण होतं. नंतर तिला त्या विहिरीची आठवणसुद्धा झाली नाही.

"मामा," तिने व्हरांड्यात जाऊन विचारलं, "विहीर होती ती हीच जागा ना?"

"हौ. बाजेखालीच."

"पूर्ण बुजवली होती?"

"म्हणजे काय! अठ्ठावीस ट्रॉल्या माती मागवली होती मी. मी निवडणुकीच्या ड्यूटीवर निजामाबादला होतो, विकास तुझ्याजवळ उदगीरला, पण मेस्त्रीला सगळं समजावून गेलो होतो."

त्रिवेणीला हायसं वाटलं. म्हणजे भर घातलेली माती आहे, यंदा सप्टेंबरात पाऊस बेफाम झाला, ती माती अजून ओली आहे. उपाय सोपा होता. तेवढ्या फरशा काढायच्या, खाली जाड प्लास्टिकचा थर घालायचा, फरशा परत बसवायच्या. साखरपुड्याला नऊ दिवस होते. तिने यादगिरीला फोन केला. यादगिरी हा गल्लीतल्या सगळ्या घरांची गवंडीकामं करणारा पन्नाशीचा माणूस. तो म्हणाला, अकरा वाजता येतो.

हे ऐकून आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आता नक्को उकरू. साखरपुडा होऊ दे, मग बघू."

"साखरपुड्यासाठीच तर चाललंय आत्या."

"राहील पांढरं तर राहील. सतरंजी टाकू वरून."

"दोन तासांचं काम आहे. तुम्ही काळजी करू नका."

आत्यांनी तिचा दंड धरला होता. त्रिवेणीने हसून तो सोडवून घेतला.

विकास आणि ऋचा ऑफिसला गेले होते. यादगिरी वेळेवर आला. गोलाच्या मधोमध उकिडवा बसून त्याने छिन्नीने पहिली फरशी सोडवली, मग दुसरी, मग तिसरी. त्रिवेणी त्याच्यासमोर गुडघे टेकून फरशा एकीवर एक रचत होती. खाली सिमेंटचा थर होता. तो फोडल्यावर शहाबादी दगड लागला.

यादगिरीचा हात थांबला. "अम्मा, मिट्टी बोले थे ना तुम? इदर शाबाद कायकू?"

"माहीत नाही. काढून बघ."

त्याने दगडावर हातोडीने हलकेच ठोकलं. आवाज कसातरीच आला, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. त्याने आणखी एकदा ठोकलं. मग दोन शहाबादी दगडांच्या सांध्यात पहारीचं टोक घातलं आणि जोर लावला.

पहार आत गेली. कोणीतरी खालून ओढून घ्यावी तशी ती त्याच्या हातातून सुटली आणि दिसेनाशी झाली. यादगिरीचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला तेवढं. आणि मग खोल खालून, फार खालून, "डुबुक."

त्या फटीतून थंड हवेचा झोत वर आला. ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास त्रिवेणीच्या तोंडावर आला.

यादगिरी तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. अगदी हळू आवाजात, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसं तो म्हणाला, "अम्मा. हिलना नै. खडे नक्को होना."

"यादगिरी, हे..."

"बावी है. नीचे पूरी खाली. अपन उसके उप्पर बैठे."

तो पोटावर आडवा झाला. तिलाही त्याने तसंच करायला सांगितलं. त्रिवेणी, सत्तेचाळीस वर्षांची बाई, आपल्याच घराच्या अंगणात छातीवर आडवी पडली आणि इंचाइंचाने मागे सरकू लागली. तळहाताखाली थिनरने पुसलेली राखाडी फरशी होती. प्रत्येक वेळी कोपर टेकवताना तिला वाटत होतं, आता जाणार. लाल भाग लागला तरी ती थांबली नाही. पायरीला पाय लागला तेव्हाच ती उठून बसली आणि मग तिचे दात वाजायला लागले.

तिला थांबवता येईना. डिसेंबरच्या उन्हात ती थरथरत बसली होती आणि डोळ्यांसमोरून पायच पाय जात होते. रांगणारी ऋचा. तीनचाकी सायकल घेऊन गोल गोल फिरणारी ऋचा. दर नवरात्रात मधे हत्तीचं चित्र मांडून फेर धरणाऱ्या गल्लीतल्या पंचवीस-तीस बाया, टाळ्या वाजवत, पाय आपटत. विकासची पहिली स्कूटर. आणि येत्या रविवारानंतरच्या रविवारी साठ माणसं.

"काय झालं? आवाज कसला आला?" एकनाथराव काठी टेकत व्हरांड्याच्या कडेला आले.

"मामा, खाली येऊ नका! तिथंच थांबा!" ती किंचाळलीच. या घरात ती सासऱ्यांवर कधी ओरडली नव्हती. "विहीर आहे. बुजवलेली नाही."

"वेडी झालीस का? अठ्ठावीस ट्रॉल्या..."

"पाणी आहे मामा तिच्यात."

एकनाथरावांनी यादगिरीकडे पाहिलं. यादगिरीने मान हलवली. "सच्ची बात है साब. पूरी बावी है."

"मी बुजवू दिली नाही."

हे दारातून आलं. आत्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आवाज शांत होता, फक्त चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती.

एकनाथरावांना पहिल्यांदा समजलंच नाही. "काय म्हणालीस?"

"मी मेस्त्रीला सांगितलं, बुजवू नको. लोखंडी गर्डर टाक, वर शाबाद टाक, नि झाक. माती मागच्या परसात पसरायला लावली. तुम्ही म्हणता ना, मागची जमीन फुटभर उंच कशी झाली? ती तीच माती."

"हे घर घेतलं ते मी विहीर बघून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहत्तर साली गावाकडं विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं पाणी खरवडलंय मी. पाठीला पोर बांधून. इथं बारा हातांवर जिवंत झरा. मातीची पहिली ट्रॉली आली, मेस्त्रीनं पाटी उचलली, नि मला बघवलं नाही. म्हटलं, झाकून ठेव. हे आले की सांगते."

"मग सांगितलं का नाहीस?" एकनाथरावांनी विचारलं.

"तुम्ही आलात तेव्हा फरशी बसली होती. तुम्ही खुर्ची टाकून बसलात आणि म्हणालात, सुटलो एकदा, आता पोर खुशाल खेळू दे. त्या दिवशी जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं उद्या सांगू. मग किती उद्या गेले."

त्रिवेणीने वर पाहिलं. एक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती आणि ती येऊ नये असं तिला वाटत होतं. "आत्या, ती बाज..."

"हौ. म्हणून ठेवली. मधे कुणी येऊ नये म्हणून." आत्या थांबल्या. "नि मोडायचं असलं तर मी वर असताना मोडावं."

त्रिवेणीला त्या बाईची दया यायला हवी होती. आली नाही. आतून नुसता संताप उसळला.

"आणि तुम्ही देवळात गेलेल्या असताना? गावाला गेलेल्या असताना? ऋचा पडली असती, तर काय सांगितलं असतंत मला?"

आत्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "काही नाही. सांगण्यासारखं काय राहिलं असतं?"

विकास तासाभरात आला. त्याने अंगणाभोवती दोरी बांधली, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना मागच्या दाराने जायला सांगितलं आणि मग आईसमोर जाऊन बसला. भांडायला आला होता, पण "आई, मी तिथं वरून टाइल्स ठोकणार होतो," एवढंच तो दोनतीनदा म्हणाला.

त्याचा मित्र उदय बांधकामाचा इंजिनिअर होता. त्याने फटीतून मोबाइलचा उजेड सोडून आतले फोटो काढले आणि ते सगळ्यांना दाखवले. गर्डर गंजून त्यांचे पापुद्रे सुटले होते. एक तर मधून निम्माच उरला होता.

"हे किती दिवस टिकलं असतं?" विकासने विचारलं.

"आजवर कसं टिकलं तेच मला सांगता येणार नाही," उदय म्हणाला. "तुम्ही सीलर मारला नसता, तर कळलंही नसतं."

ऋचा संध्याकाळी आली. सगळं ऐकून ती दोरीपाशी उभी राहिली. आजीशी एक शब्द बोलली नाही, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्रिवेणीही बोलत नव्हती. आत्यांचं ताट वाढायची, ठेवायची, निघून यायची. तिला स्वतःलाच कळत नव्हतं आपल्याला काय झालंय. कॉलेजच्या व्हरांड्यातून चालताना ती टाच आपटून बघायची. एका वर्गात शिकवताना फरशी वाजली, तर ती फळ्यावर लिहिता लिहिता थांबली आणि मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

एकनाथराव जेवत होते, औषधं घेत होते. पण छप्पन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ते बायकोशी बोलायचे बंद झाले होते.

साखरपुडा बरकतपुऱ्यातल्या एका हॉलवर हलवला. मंगळवारी उदयची माणसं आली. चेन-पुली लावून त्यांनी फरशा, शहाबादी दगड आणि गर्डर एकेक करून उचलले. तोंड पूर्ण उघडं झालं तेव्हा एकनाथरावांनी दोरीजवळ खुर्ची मागितली. ते बसले आणि पुढे वाकून बघत राहिले. बारा हातांवर पाणी होतं. काळं, स्वच्छ. त्यात आभाळाचा तुकडा हलत होता.

"उद्यापासून मुरूम येतोय आण्णा," विकास म्हणाला. "ह्या वेळी मी स्वतः उभा राहून बुजवून घेणार आहे."

"थांब."

"आता काय थांबायचं?"

"तुझ्या आईला विचार, बुजवायची का नाही." एकनाथराव पाण्यावरून नजर न काढता म्हणाले. "तेव्हा मी विचारलं नव्हतं. नुसतं मेस्त्रीला सांगून निघून गेलो होतो."

विकास वैतागला. कठडा बांधून, वर जाळी टाकून विहीर ठेवताही येईल, असं उदय म्हणाला. सगळ्यांना वाटलं, आता आत्या तेच म्हणणार. त्रिवेणीने तर मनातल्या मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. ठेवायची तर ठेवा, पण मग मी या घरात राहणार नाही.

आत्या दोरीपर्यंत आल्या. पाण्याकडे बराच वेळ बघितलं.

"बुजवा," त्या म्हणाल्या.

त्रिवेणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आत्या?"

"बुजवा म्हणतेय मी. ह्या पाण्यापायी मी नातीला त्याच्यावर चालू दिलं. रोज बघत होते नि चालू देत होते. आता नक्को मला ते." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "झोप नाही मला सव्वीस वर्षं."

एकनाथरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांना बसायला आपली खुर्ची दिली. स्वतः दोरीला धरून उभे राहिले.

विहीर बुजवायला बारा दिवस लागले. आधी मोठे दगड, मग खडी, मग मुरूम. प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा. मधल्या रविवारी साखरपुडा झाला. हॉलवर ऋचाने आजीच्या पाया पडायच्या वेळी तिला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाकीच्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही. काम चालू असताना आत्या रोज व्हरांड्यात उभ्या राहून बघायच्या. पहिले दगड पाण्यात पडले तेव्हा मात्र त्या आत गेल्या होत्या.

फेब्रुवारीत यादगिरीने वर नवीन फरशी बसवली. तसल्या लाल फरशा आता मिळत नव्हत्या. जवळचा रंग शोधून आणला, तरी गोल वेगळा दिसतच होता, जुन्यापेक्षा उजळ. त्रिवेणीने पुन्हा प्लास्टिक चिकटवून बघितलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा कोरडं. मग एका रविवारी सकाळी तिने उरलेला डबा उघडला. रोलर फिरवताना ती गोलाच्या कडेपर्यंत सहज गेली. आत पाऊल टाकायला मात्र तिला वेळ लागला.

आत्या पायरीवर बसून बघत होत्या. या दोन महिन्यांत दोघी स्वयंपाकाचं, औषधाचं बोलत होत्या. त्यापलीकडे नाही.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"ह्या घरात अजून काही आहे का, मला माहीत नाही असं?"

आत्या आठवत होत्या, खरोखरच आठवत होत्या. त्रिवेणीचा रोलर थांबला.

"स्वयंपाकघराची खिडकी," शेवटी आत्या म्हणाल्या. "तुझे मामा म्हणाले होते तीन फुटांची कर. मी चारची केली. त्यांना अजून कळलं नाही."

त्रिवेणी हसली नाही. ती रोलर ठेवून उठली, आत गेली, खिडकीच्या वरच्या भिंतीवर तळहात फिरवला, मुठीने दोन-तीन ठिकाणी ठोकून बघितलं. भिंत भक्कम होती. ती बाहेर आली, तर आत्या काळजीने दाराकडेच बघत होत्या. तेव्हा कुठे त्रिवेणीला हसू फुटलं. ते एकदा फुटलं ते थांबेचना, आणि आत व्हरांड्यातून एकनाथराव विचारत राहिले, "काय झालं? काय झालं गं?"